बेट किती वर्षांत झिजते? किनाऱ्याच्या धुपीचे गणित आणि त्याच्या मर्यादा

बीजसंज्ञा : किनाऱ्याची धूप, माघारीचा वेग, क्षेत्रफळ-परीघ संबंध, घातांकीय ऱ्हास, गाळाचा ताळेबंद

प्रस्तावना :

पश्चिम बंगालमध्ये हुगळी नदीच्या मुखाशी घोडामारा नावाचे एक वस्ती असलेले बेट आहे. उपग्रह-प्रतिमांवरून केलेल्या अभ्यासानुसार १९७५ मध्ये त्याचे क्षेत्रफळ ८.५१ चौरस किलोमीटर होते आणि २०१२ मध्ये ते ४.४३ चौरस किलोमीटर उरले. त्याच्या शेजारचे लोहाचारा हे बेट तर पूर्वीच पाण्याखाली गेले व तेथील कुटुंबांना सागर बेटावर आश्रय घ्यावा लागला. घोडामाराच्या रहिवाशांपुढे, आणि त्यांच्यासाठी शाळा, बंधारा व पाणवठा यांवर खर्च करणाऱ्या शासनापुढेही, एकच प्रश्न उभा राहतो : हे बेट आणखी किती वर्षे टिकेल?

प्रश्न साधा त्रैराशिकाचा वाटतो. सदतीस वर्षांत ४.०८ चौ. किमी गेले, तर उरलेले ४.४३ चौ. किमी जाण्यास किती वर्षे? उत्तर सुमारे ४० वर्षे, म्हणजे २०५२ साल. वृत्तपत्रांतून येणारी बहुतेक भाकिते याच पद्धतीची असतात. प्रस्तुत लेखात या त्रैराशिकामागील गृहीतक तपासून पाहिले आहे. त्याच दोन आकड्यांवरून, तितक्याच शुद्ध गणिताने, २१०८ हे साल काढता येते आणि बेट कधीच पूर्णपणे नष्ट होणार नाही असेही दाखविता येते. ही तफावत कोठून येते हे समजून घेणे गणित, भूगोल आणि भूशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयोगाचे ठरेल असे वाटते.

खानदेशच्या वाचकाला समुद्राचे हे प्रकरण दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु पूर्णा आणि तापी यांच्या काठच्या गाळाच्या जमिनींत घळी वाढत जातात, दरडी कोसळतात व शेताचा बांध आत आत सरकतो, तेथेही हेच गणित लागू पडते. शिवाय तापीने खानदेशातून नेलेली माती शेवटी किनाऱ्यालाच जाऊन मिळते. या मुद्द्याकडे पुढे येऊ.

झीज कडेने होते :

समुद्र बेटाला कडेने खातो. कापराची वडी हवेत उडून जाते तेव्हा ती सर्व बाजूंनी सारख्याच वेगाने आत सरकते. बेटाची पहिली कल्पना तशीच करता येईल. बेट वर्तुळाकार आहे व किनारा दरवर्षी ठराविक अंतराने माघार घेतो असे मानले, तर

उरलेली त्रिज्या = आरंभीची त्रिज्या − (माघारीचा वार्षिक वेग × वर्षे)

आणि बेटाचे एकूण आयुष्य = आरंभीची त्रिज्या ÷ माघारीचा वेग.

क्षेत्रफळ मात्र त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ते सरळ रेषेत घटत नाही. कोणत्याही क्षणी क्षेत्रफळाच्या घटीचा वेग हा परीघ गुणिले माघारीचा वेग इतका असतो. बेट लहान होत गेले की परीघही लहान होतो आणि दरवर्षी जाणारी जमीन कमी कमी होत जाते. परीघ हा क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने हे अवकलन समीकरण सोडविले असता असे मिळते की क्षेत्रफळाचे वर्गमूळ सरळ रेषेत घटते. बेट वर्तुळाकार नसले तरी त्याचा आकार सारखाच राहून केवळ लहान होत असेल तर हाच निष्कर्ष लागू पडतो.

घोडामाराचे आकडे या सूत्रात घालू. ८.५१ चे वर्गमूळ २.९१७ आणि ४.४३ चे २.१०५. सदतीस वर्षांतील घट ०.८१२, म्हणजे दरवर्षी ०.०२२. उरलेले २.१०५ संपण्यास सुमारे ९६ वर्षे लागतील. म्हणजे २१०८ साल. त्रिज्येच्या भाषेत सांगावयाचे तर १९७५ मध्ये १,६४६ मीटर त्रिज्येचे असलेले समतुल्य वर्तुळ २०१२ मध्ये १,१८८ मीटरांवर आले व किनाऱ्याची सरासरी माघार वर्षाला सुमारे १२.४ मीटर झाली.

तिसरी पद्धत घातांकीय ऱ्हासाची. दरवर्षी उरलेल्या क्षेत्राचा ठराविक टक्का जातो असे मानले तर हा टक्का १.७५ येतो आणि बेटाचे अर्धायुष्य सुमारे ३९ वर्षे ठरते. या पद्धतीत शून्य कधीच येत नाही. बेट दहा हेक्टरांचे उरण्यासही २२२७ साल उजाडावे लागेल. किरणोत्सारी पदार्थाला हे सूत्र शोभते, कारण तेथे प्रत्येक अणू स्वतंत्रपणे विघटित होतो. बेटाच्या मध्यभागातील मातीला मात्र कडेची माती गेल्याशिवाय लाट शिवत नाही. त्यामुळे घातांकीय सूत्र बेटाला लावण्यास भौतिक आधार कमी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही अनेक अहवालांत 'वार्षिक घट अमुक टक्के' अशी भाषा आढळते. ती वापरताच नकळत हे सूत्र स्वीकारले जाते.

तीन सूत्रांपैकी कोणते खरे हे मधल्या एखाद्या वर्षाची प्रतिमा पाहून ठरविता येईल, असे कोणीही सुचवील. प्रत्यक्षात ते अवघड आहे. काळाच्या मध्यावर, म्हणजे १९९३-९४ च्या सुमारास, त्रैराशिकाने क्षेत्रफळ ६.४७, वर्गमुळाच्या सूत्राने ६.३० आणि घातांकीय सूत्राने ६.१४ चौ. किमी येते. सर्वांत मोठा फरक ०.३३ चौ. किमी. आता मोजणीतील त्रुटी पाहू. १९७२ पासूनच्या पहिल्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरांचा होता. किनारारेषा अर्ध्या ठिपक्याने, म्हणजे ४० मीटरांनी, आतबाहेर आखली गेली तर १०.३ किमी परिघावर ०.४१ चौ. किमीचा फरक पडतो. १९७५ चा आकडा अशा प्रतिमेवरून काढला असे समजल्यास ही त्रुटी निम्मी होऊन मध्यबिंदूपर्यंत येते. त्यात पुढील पिढीच्या ३० मीटरांच्या ठिपक्याची ०.१३ चौ. किमीची त्रुटी मिळविली की तीन सूत्रांमधील फरक पूर्णपणे झाकला जातो. भूतकाळात तिन्ही वक्र एकमेकांना जवळजवळ चिकटून चालतात व भविष्यात मात्र फाकतात. २०२५ साठी त्यांची उत्तरे अनुक्रमे ३.००, ३.३१ आणि ३.५२ चौ. किमी अशी येतात. बेट जितके लहान होईल तितका योग्य सूत्राचा निर्णय सोपा होत जाईल, परंतु तोवर निर्णय घेण्याची वेळ टळून गेलेली असेल.

येथे आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९७५ च्या क्षेत्रफळात वर सांगितलेली ०.४१ चौ. किमीची चूक धरली तरी त्रैराशिकाचे उत्तर जेमतेम चार वर्षांनी मागेपुढे होते. सूत्र बदलले की ते छप्पन्न वर्षांनी बदलते. मोजणीच्या अचूकतेवर जेवढा भर दिला जातो तेवढा सूत्राच्या निवडीवर दिला जात नाही, ही अशा अभ्यासांतील मोठी उणीव म्हणावी लागेल.

रहिवाशांच्या दृष्टीने तर शून्य क्षेत्रफळ हा बेटाचा अंत नसतोच. गोड्या पाण्याचे तळे खारे झाले, भातखाचरे बुडाली, बंधारा दुरुस्त करण्याएवढे मनुष्यबळ उरले नाही की बेट त्यांच्यापुरते संपते. ही मर्यादा एक चौ. किमी मानली तर त्रैराशिक २०४३, वर्गमुळाचे सूत्र २०६२ आणि घातांकीय सूत्र २०९६ हे साल देते. साठ वर्षे टिकावी म्हणून बांधलेली शाळेची इमारत यांपैकी कोणत्या सालाच्या हिशेबाने बांधावयाची, हे ठरविणाऱ्याला सूत्राची निवड टाळता येत नाही.

आकाराचा प्रश्न :

वर्तुळाकार बेटाचे निम्मे क्षेत्रफळ एकूण आयुष्याच्या २९ टक्के काळातच जाते. उरलेल्या निम्म्याला ७१ टक्के काळ लागतो. म्हणून सुरुवातीच्या वेगावरून केलेले त्रैराशिक नेहमी घाबरवणारे असते.

लांबट बेटाची गोष्ट उलट आहे. एक चौ. किमी क्षेत्रफळाची दोन बेटे घेऊ. एक वर्तुळाकार, त्रिज्या ५६४ मीटर. दुसरे चार किलोमीटर लांब व २५० मीटर रुंद. दोन्हींचा किनारा वर्षाला पाच मीटर माघार घेतो. पहिले सुमारे ११३ वर्षे टिकते, दुसरे केवळ २५ वर्षे, कारण दोन्ही बाजूंनी १२५ मीटर आत येताच ते संपते. लांबट बेटाचे निम्मे क्षेत्र बारा वर्षांत जाते, म्हणजे त्याच्या बाबतीत त्रैराशिक जवळजवळ खरे ठरते. आयुष्य ठरविणारी राशी क्षेत्रफळ नसून सर्वांत जाड भागाची निम्मी जाडी होय, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. मालवणजवळील देवबागचा वाळूचा दांडा एका बाजूने अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूने कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये असाच अरुंद पसरलेला आहे. तेथील धुपीची चिंता किलोमीटरभर रुंद किनाऱ्याच्या चिंतेहून वेगळी का असावी, हे यावरून स्पष्ट होईल.

लहान बेटे आधी का जातात तेही याच सूत्रातून दिसते. लक्षद्वीपच्या बंगारम प्रवाळ-वलयातील परळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये ०.०३२ चौ. किमीचे होते. ते पूर्णपणे नष्ट झाल्याचे कालिकत विद्यापीठातील एका संशोधनातून २०१७ मध्ये प्रकाशात आले. समतुल्य त्रिज्या १०१ मीटर; म्हणजे वर्षाला सरासरी किमान दोन मीटर माघार. त्याच अभ्यासात परळी-२ चे ८० टक्के, थिन्नकराचे सुमारे १४ टक्के आणि बंगारमचे सुमारे १० टक्के क्षेत्र गेल्याचे नोंदले आहे. समुद्र तोच, टक्केवारी मात्र वेगवेगळी. माघारीचे अंतर सारखे असले तरी मोठ्या बेटाचा त्यात अल्प अंश जातो. अर्थात येथे प्रवाळ-भिंतीच्या आडोशाचाही वाटा असणार. सगळे श्रेय भूमितीला देणे बरोबर होणार नाही.

महाराष्ट्रातील बेटे : दगड आणि वाळू

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध बेटे, म्हणजे जंजिरा, कासा, सुवर्णदुर्ग, कुरटे, ही खडकाची आहेत. या किनाऱ्यावर धुपीचे मोजमाप करणारी एक सोय आपल्या पूर्वजांनी नकळत करून ठेवली आहे. ती म्हणजे पाण्याच्या कडेला बांधलेले किल्ले.

मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले व १६६७ मध्ये पूर्ण झाले. बेटाचे क्षेत्रफळ ४८ एकर, म्हणजे सुमारे ०.१९४ चौ. किमी, समतुल्य त्रिज्या २४९ मीटर. घोडामाराच्या वेगाने, वर्षाला १२.४ मीटर, हे बेट झिजले असते तर वीस वर्षांत, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतच, किल्ला समुद्रात गेला असता. तटाची जाडी सुमारे बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर आहे. तट आजही उभा आहे. त्याअर्थी ३६० वर्षांत माघार सरासरीने ३.६६ मीटरांहून कमी, म्हणजे वर्षाला एक सेंटीमीटरपेक्षा कमी असली पाहिजे. त्यावरून बेटाचे आयुष्य किमान २४ हजार वर्षे निघते. या अनुमानात दोन पळवाटा आहेत. तटाची वेळोवेळी डागडुजी झाली आहे. आणि तटच बेटाचे रक्षण करतो, म्हणून हा वेग उघड्या खडकाचा नव्हे. तरीही दहा मीटर आणि एक सेंटीमीटर यांमधील हजारपटीचा फरक डागडुजीने भरून निघणारा नाही.

मुरुडजवळ कासा बेटावरील पद्मदुर्गाच्या तटावर याहून सूक्ष्म मोजमाप शक्य आहे. तेथे चिऱ्यांचा दर्शनी भाग खाऱ्या वाऱ्यापाण्याने आत झिजत गेला आणि सांध्यांतील चुना मात्र चौकटीसारखा पुढे उभा राहिला. चुन्याची कड ही मूळ पृष्ठभागाची खूण आणि दगडाची खोली ही साडेतीन शतकांची झीज. समजा एखाद्या चिऱ्यात ही खोली दहा सेंटीमीटर भरली, तर वेग वर्षाला सुमारे ०.३ मिलीमीटर येतो. पट्टी आणि वही एवढ्याच साधनांनी होणारे हे काम आहे. ही झीज मुख्यतः मिठाच्या स्फटिकांनी दगडाचे कण सुटे केल्याने होते. लाटांच्या माऱ्याने कडा कोसळण्याची क्रिया वेगळी. तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील प्रतिमांवरून केलेल्या पाहणीत महाराष्ट्राचा सुमारे २५.५ टक्के किनारा धूप होणारा, ६४.६ टक्के स्थिर व दहा टक्के भर पडणारा आढळला. पश्चिम बंगालमध्ये धुपीचे प्रमाण ६०.५ टक्के आहे. कातळाचा किनारा आणि गाळाचा किनारा यांतील हा फरक आहे. कोकणातही धुपीचा प्रश्न मुख्यत्वे पुळणींचा व खाडीमुखांचा आहे.

एकच वेग कायम राहतो का?

वरील सर्व गणितात माघारीचा वेग स्थिर मानला आहे. या गृहीतकाने चार्ल्स डार्विनसारख्या सावध संशोधकालाही अडचणीत आणले. १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्या आवृत्तीत त्याने दक्षिण इंग्लंडमधील वील्ड खोऱ्याचे वय काढले. पाचशे फूट उंचीचा कडा समुद्र शतकाला एक इंच या वेगाने खातो असे त्याने मानले. खोऱ्याची रुंदी २२ मैल, म्हणजे १३,९३,९२० इंच. म्हणून १३ कोटी ९३ लाख ९२ हजार वर्षे. नष्ट झालेल्या थराची सरासरी जाडी ११०० फूट, म्हणजे पाचशेच्या २.२ पट, गुणाकार करून ३० कोटी ६६ लाख ६२ हजार ४०० वर्षे. नऊ अंकी संख्येतील शेवटचे चारशेही त्याने सोडले नाहीत! ज्या 'शतकाला एक इंच'वर हे सर्व उभे होते तो निव्वळ अंदाज होता. टीका झाली आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने हा मजकूर काढून टाकला. वील्डची झीज प्रामुख्याने पावसाने व नद्यांनी केली, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे वेगाबरोबर कारकही चुकीचा धरला गेला होता.

वेग बदलतो याचे जिवंत उदाहरण आइसलँडजवळील सर्ट्सी बेट होय. समुद्रतळाच्या ज्वालामुखीतून १९६३ मध्ये ते वर आले आणि १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा ते सुमारे २.६५ चौ. किमीचे होते. या शतकाच्या सुरुवातीस ते १.४ चौ. किमीच्या आसपास आले. वर्गमुळाच्या सूत्राने २०१२ मध्ये ते १.१ चौ. किमीवर यावयास हवे होते. प्रत्यक्षात सुमारे १.३ चौ. किमी उरले. सैल राख आणि लाव्ह्याचे पातळ थर आधी गेले, आतील राखेचा घट्ट झालेला खडक उरला व तो समुद्राला दाद देईना. बेटाचा गाभा कठीण असेल तर धूप मंदावते आणि मऊ असेल तर एखाद्या चक्रीवादळात दहा वर्षांची माघार एका रात्रीत होते.

समुद्रपातळीची वाढ हे कारण सर्वांच्या तोंडी असते. १९६२ मध्ये पेर ब्रून यांनी मांडलेल्या नियमानुसार वाळूचा किनारा साधारणपणे पातळीच्या वाढीच्या ५० ते १०० पट माघार घेतो. २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी वाढ वर्षाला ३.७ मिलीमीटर होती. त्यावरून माघार १८ ते ३७ सेंटीमीटर येते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात जमीनही खचते म्हणून ही वाढ तिप्पट धरली तरी माघार मीटरभरच होते. या नियमावरही बरेच आक्षेप आहेत व गाळाच्या बेटाला तो जसाच्या तसा लागत नाही, तरी घोडामाराचे १२.४ मीटर त्यातून निघत नाहीत एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे. तेथे भरतीचे प्रवाह, खाडीच्या पात्राची हालचाल आणि गाळाची आवक-जावक यांचा वाटा मोठा असला पाहिजे.

गाळाचा ताळेबंद आणि खानदेश :

किनारा म्हणजे चालू खाते आहे. नदी भरणा करते, लाटा व प्रवाह काढून घेतात; जो फरक उरतो तो आपल्याला माघार किंवा भर म्हणून दिसतो. काढणे तेवढेच राहून भरणा थांबला तर माघारीचा वेग वाढतो आणि पूर्वीच्या वेगावरून काढलेले प्रत्येक साल अलीकडे सरकते. ७२४ किलोमीटर लांबीची तापी पूर्णेसह खानदेशची काळी माती घेऊन सुरतजवळ समुद्राला मिळते. वाटेत हतनूर आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई यांच्या जलाशयांत तिचा बराचसा गाळ बसतो. जलाशयाचे आयुष्य गाळाने कमी होते याची चर्चा आपल्याकडे नेहमी होते. तोच गाळ किनाऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, ही त्याच नोंदीची दुसरी बाजू मात्र क्वचितच लिहिली जाते.

बोदवड परिसरातील महाविद्यालयांना या गणिताचा अनुभव घेण्यासाठी समुद्रावर जाण्याची गरज नाही. चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमाच्या आसपास किंवा पूर्णेकाठच्या कोणत्याही घळीच्या कडेला, दरडीपासून पाच मीटर आत, दहा-दहा मीटरांवर लोखंडी खुंट्यांची एक ओळ ठोकावी आणि प्रत्येक खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर टेपने मोजावे. मोजणारा कडेच्या अगदी जवळ उभा राहणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण दरड खालून पोखरलेली असते. पहिल्या वर्षी बहुतेक खुंट्यांसमोर माघार शून्य भरेल आणि एखाद्याच ठिकाणी दोन-तीन मीटरांचा लचका गेलेला दिसेल. दहा खुंट्यांपैकी एकीसमोर तीन मीटर गेले तर सरासरी तीस सेंटीमीटर येते, पण त्या काठावर तीस सेंटीमीटर माघार कोठेच झालेली नसते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत मोठी माघार आणि शून्य माघारीच्या खुंट्यांची संख्या या दोन्ही नोंदी ठेवाव्यात, व किमान पाच पावसाळे झाल्याखेरीज आयुर्मानाचे गणित करू नये.